लिंगभूमिका, हिंसा आणि प्रश्नावलीची भाषा

निकटच्या नातेसंबंधांतील हिंसेचा मानसशास्त्रीय अभ्यास गेल्या अर्धशतकात मोठ्या प्रमाणावर वाढला आहे. या अभ्यासाची साधनसामग्री पाहू गेल्यास तिचा फार मोठा भाग प्रश्नावलींच्या उत्तरांचा आहे असे दिसते. स्त्रीत्व व पुरुषत्व ही विशेषणांच्या यादीवरून मोजली जातात, हिंसा ही क्रियापदांच्या यादीवरून मोजली जाते, आणि या दोन मोजमापांमधील सहसंबंधाला सिद्धान्ताचे रूप दिले जाते. अशा स्थितीत या संशोधनाचे मूल्यमापन संख्याशास्त्राच्या अंगाने जितके आवश्यक, तितकेच भाषेच्या अंगानेही आवश्यक ठरते. प्रश्नातील शब्दाने जे आधीच गृहीत धरले आहे, तेच उत्तरातून निष्कर्ष म्हणून बाहेर येत नाही ना, ही शंका येथे अनाठायी नाही.

१. विशेषणांची यादी

सँड्रा बेम यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेली लिंगभूमिकेची मापनिका या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाणभूत मानली गेली. तिच्यापूर्वी पुरुषत्व आणि स्त्रीत्व ही एकाच रेषेची दोन टोके समजली जात. एक वाढले की दुसरे घटलेच पाहिजे, अशी ती कल्पना होती. बेम यांनी ही दोन परिमाणे परस्परांपासून स्वतंत्र मानली, आणि एकाच व्यक्तीच्या ठिकाणी दोन्ही गुणसमूह नांदू शकतात हे मापनात आणले. हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि या मापनिकेची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यात साठ पदे आहेत: वीस पुरुषत्वाची, वीस स्त्रीत्वाची व वीस तटस्थ. कोणते पद कोणत्या गटात पडावे हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या मतांवरून ठरले. अमेरिकन समाजात हा गुण पुरुषाला, किंवा स्त्रीला, कितपत शोभतो, असा प्रश्न त्यांना विचारला होता. म्हणजे मापनिका जे मोजते ते एका काळाचे व एका समाजाचे शोभनीयतेचे संकेत होत. पुरुषत्वाच्या गटात आक्रमक, वर्चस्व गाजवणारा, जोरकस ही पदे येतात. स्त्रीत्वाच्या गटात नमते घेणारी, मृदुभाषी, भोळी या अर्थाची पदे येतात, आणि कठोर भाषा न वापरणे हाही स्त्रीत्वाचाच गुण ठरतो.

आता हिंसेशी या गुणांकाचा संबंध जोडू पाहणाऱ्या संशोधकापुढे एक तार्किक अडचण उभी राहते. ज्या मापनिकेत 'आक्रमक' हा शब्द पुरुषत्वाची खूण म्हणून आधीच बसवला आहे, तिच्यावर अधिक गुण मिळवणारा पुरुष अधिक आक्रमक निघाला, तर त्यातून नवे असे काय सिद्ध झाले? कारण आणि कार्य या दोहोंच्या व्याख्येत एकच शब्द असेल तर सहसंबंध हा अंशतः पुनरुक्तीच ठरतो. विशेष हे की, इतके करूनही अपेक्षित निष्कर्ष हाती आला नाही. शुगरमन आणि फ्रँकल यांनी १९९६ साली पत्नीवरील हल्ल्यांविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात हिंसेला अनुकूल असणारी मनोवृत्ती हिंसक पतींमध्ये स्पष्ट दिसून आली. 'पुरुषत्वा'चा गुणांक मात्र अपेक्षेप्रमाणे वाढलेला आढळला नाही. मारणे योग्य आहे असे मानणे आणि स्वतःला कणखर, स्वावलंबी म्हणवून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विशेषणांच्या यादीने त्या एकत्र बांधल्या होत्या.

मराठी वाचकाला येथे ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलना' या निबंधाचे स्मरण झाल्यास नवल नाही. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक घेऊन ते पुरुषांच्या ठायी नाहीत काय, असे त्यांनी विचारले होते. कोणते विशेषण कोणाला लावायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा त्या निबंधामागील प्रश्न बेम यांच्या मापनिकेलाही तितकाच लागू पडतो.

२. क्रियापदांची यादी

हिंसेच्या मापनासाठी मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली मांडलेली मापनिका जगभर वापरली गेली. तिचा गुण भाषेच्या दृष्टीनेही मोठा आहे. 'तुमच्यावर हिंसा झाली काय' असे ती विचारत नाही. ढकलणे, चापट मारणे, वस्तू फेकून मारणे अशा एकेका कृतीचे नाव घेऊन विचारते. हिंसा हे वर्गवाचक नाम आहे, आणि आपला अनुभव त्या वर्गात बसतो की नाही याचा निवाडा करण्याचा भार ते उत्तर देणाऱ्यावर टाकते. जी स्त्री 'हिंसा' नाकारील ती 'चापट' नाकारणार नाही. यामुळेच पोलिसांच्या दप्तरात कधीही न येणारी माहिती प्रथमच मोठ्या प्रमाणावर गोळा होऊ शकली.

पण या मापनिकेने कृतींना जी चौकट दिली ती तितकी निर्दोष नाही. मूळ प्रस्तावना अशी की, प्रत्येक जोडप्यात मतभेद होतात, आणि ते मिटवण्याचे मार्ग निरनिराळे असतात. त्यांपैकी कोणते मार्ग तुम्ही व तुमच्या जोडीदाराने योजले? मतभेदाच्या या भाषेत मारणे हे भांडणाचे एक साधन बनते. भांडण नसताना, केवळ धाक कायम राहावा म्हणून होणारी मारहाण या प्रश्नात कोठे बसवावी हे उत्तर देणाऱ्याला कळत नाही. रसेल आणि रिबेका डोबॅश यांनी मार्टिन डेली व मार्गो विल्सन यांच्यासह १९९२ साली या सममितीच्या कल्पनेवर जो आक्षेप घेतला, त्याचा गाभा हाच होता: संदर्भ, हेतू आणि परिणाम वगळून कृती मोजल्या, तर स्वसंरक्षणार्थ दिलेला धक्का आणि वर्चस्वासाठी दिलेला ठोसा हे एकाच रकान्यात पडतात.

जॉन आर्चर यांच्या २००० सालच्या विश्लेषणातून ही गोष्ट आकड्यांत दिसली. केवळ कृती मोजल्या असता स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरले. परंतु जोडीदाराकडून जखमी झालेल्यांत ६२ टक्के स्त्रिया होत्या. स्ट्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुधारित मापनिकेत इजा व लैंगिक जबरदस्ती यांसाठी स्वतंत्र विभाग घातले, हे या टीकेच्या सार्थकतेचेच गमक होय. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ साली या वादाला वेगळे वळण दिले. प्रसंगी भडकणाऱ्या भांडणातील हिंसा आणि जोडीदारावर संपूर्ण ताबा ठेवण्यासाठी केलेली हिंसा असे दोन प्रकार त्यांनी मानले. पहिला प्रकार सर्वसाधारण पाहणीत मुख्यत्वे सापडतो, तर दुसरा आश्रयगृहांत व न्यायालयांत. दोन पक्ष एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तूंबद्दल भांडत होते, असा याचा अर्थ होतो.

३. कर्त्याचे लोपणे

शॅरन लॅम यांनी १९९१ साली पत्नीला मारणाऱ्या पुरुषांविषयीचे शास्त्रीय लेखच तपासले, आणि त्यांतील वाक्यरचनेत मारणारा वारंवार अदृश्य होतो असे दाखवून दिले. नॅन्सी हेन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रयोगाने तपासले की, बलात्काराचे वृत्त इंग्रजीच्या कर्मणि रचनेत वाचले असता पुरुष वाचक गुन्हेगाराचा दोष व पीडितेची हानी कमी लेखतात.

हे निष्कर्ष मराठीत आणताना सावधगिरी बाळगली पाहिजे. मराठी व्याकरणात ज्याला कर्मणि किंवा भावे प्रयोग म्हणतात, तो भूतकाळी निवेदनाचा नित्याचा मार्ग आहे. 'नवऱ्याने बायकोला मारले' हा भावे प्रयोग खरा. पण त्यात कर्ता लोपत नाही, उलट 'ने' प्रत्ययाने तो ठळकपणे पुढे येतो. प्रयोगाचे नाव पाहून इंग्रजी प्रयोगाचे यांत्रिक भाषांतर करणारा अभ्यासक येथे पूर्णपणे फसेल. मराठीत कर्ता लपवण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. 'तिला मारहाण करण्यात आली' ही वृत्तपत्री वाट. 'मारहाण झाली' ही त्याहून आखूड. 'तिने मार खाल्ला' यात मार सोसणारीच व्याकरणदृष्ट्या कर्ता होते. 'तिला मार बसला' यात मार स्वतःच कर्ता होऊन बसतो. 'नवरा-बायकोचे भांडण' या द्वंद्व समासात दोघे समान पायरीवर येतात, आणि कोणी कोणाला मारले हा प्रश्नच उरत नाही.

सर्वांत बोलकी जोडी 'हात उचलला' आणि 'हात उठला' ही होय. पहिल्या वाक्यात हात उचलणारा आहे. दुसऱ्यात हात जणू आपल्या मर्जीने वर गेला. जेम्स टॅसेक यांनी १९८८ साली मारणाऱ्या अठरा पुरुषांच्या मुलाखतींवरून दाखवले होते की, ताबा सुटला ही सबब ते पुनःपुन्हा देतात. पण त्यांच्याच कथनात अन्यत्र धाक बसवण्याचा हेतू उघड होतो. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी एक सबब रचावी लागते. मराठी बोलणाऱ्याला ती क्रियापदातच तयार मिळते.

४. पाहणीचा प्रश्न

याचे व्यावहारिक महत्त्व राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या संदर्भात लक्षात यावे. २०१९–२१ च्या पाचव्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ सुमारे १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. याच पाहणीत, न सांगता बाहेर जाणे, वाद घालणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा अनादर अशी सात कारणे देऊन, त्यांपैकी एखाद्या कारणासाठी तरी पतीने मारणे योग्य आहे काय, असे विचारले होते. ४५ टक्के स्त्रिया व ४४ टक्के पुरुष यांनी होकार दिला.

या दुसऱ्या आकड्यावरून स्त्रियांनीच हिंसेचे मूल्य आत्मसात केले आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण 'योग्य' या शब्दाचा अर्थ 'मला पटते' असा घ्यावयाचा, की 'येथे असेच चालते' असा? सिडनी शूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशच्या ग्रामीण भागात २००८ व २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून हीच संदिग्धता उघड केली. पुष्कळ स्त्रिया स्वतःचे मत न सांगता समाजाची रीत सांगत होत्या, आणि प्रसंगाचा थोडा तपशील बदलताच उत्तर बदलत होते. रीतीचे वर्णन आणि रीतीची मान्यता यांत मोठे अंतर आहे. ते न ओळखल्यास मार सोसणारीलाच माराची समर्थक ठरवण्याचा अन्याय शास्त्राच्या नावाने घडतो.

आणखी एक मर्यादा जोडप्याच्या चौकटीची आहे. मराठीत 'सासुरवास' हा शब्द आहे. सासरी राहणे आणि छळ सोसणे हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. पाहणीत पतीखेरीज इतरांविषयी स्वतंत्र प्रश्न आहे, परंतु मापनाचे मुख्य अंग पतिपत्नी हेच राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही हिंसेत धरला आणि नातेवाईकांसह कुटुंबाचा विचार केला. या बाबतीत कायद्याची व्याख्या मानसशास्त्राच्या मापनिकेपेक्षा मराठी शब्दाच्या अधिक जवळ आहे.

या सर्व विवेचनाचा अर्थ प्रश्नावली टाकून द्यावी असा नाही. नेमक्या कृतीचे नाव घेणारा प्रश्न ही या संशोधनाची खरी मिळकत आहे, आणि ती जपली पाहिजे. मात्र मराठी भाषकांवर संशोधन करताना तीन गोष्टी आधी घडणे अगत्याचे आहे. भूमिकांची विशेषणे येथील समाजात नव्याने तपासली जावीत, आणि हिंसेची व्याख्या करणारे शब्द त्यांतून वगळावेत; 'मारले', 'मार खाल्ला', 'मार बसला', 'हात उठला' या रचनांमुळे दोषाविषयीचे मत कसे बदलते हे प्रयोगाने पाहावे; आणि 'योग्य' या शब्दाचा अर्थ उत्तर देणारी स्त्री काय लावते हे तिलाच विचारावे. ही कामे मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करण्याची आहेत. तोवर टक्केवारीच्या प्रत्येक तक्त्यापुढे एकच प्रश्न विचारणे इष्ट ठरेल: या वाक्याचा कर्ता कोण?