मांडलिकाचा डाव : संगणकीय युद्धखेळ आणि कामठ्याची जमीनदारी

एखादी संहिता इतिहास सांगते तेव्हा ती कोणाच्या जागेवरून सांगते, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. बखर, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी यांच्या संदर्भात तो वेळोवेळी विचारला गेला आहे. संगणकावर आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या रणनीतीच्या खेळांना मात्र तो क्वचितच विचारला जातो. हे खेळ म्हणजे करमणूक, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः राज्य म्हणजे काय, युद्ध कशासाठी करावे आणि जिंकलेल्याशी कसे वागावे, यांविषयीची एक सुसंगत मांडणी या खेळांत असते. ती वाक्यांत नसून नियमांत असते, एवढाच फरक. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, वाचकाने कृती केल्याशिवाय जी पुढे सरकत नाही अशा संहितेची संकल्पना मांडली. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये, नियमांच्या द्वारे केल्या जाणाऱ्या युक्तिवादाला प्रक्रियात्मक वक्तृत्व म्हटले. या दोन्ही संकल्पना मान्य केल्या, तर खेळाचा नियम हा अर्थनिर्णयनाचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात असा एकच नियम तपासायचा आहे : मांडलिकत्वाचा. तो तपासण्यासाठी निवडलेली भूमी म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याची जमीनदारी.

१

बुद्धिबळाच्या पटावर मांडलिक नसतो. प्यादे, उंट, वजीर ही सारी सोंगटी खेळणाऱ्याची. प्यादे मारले जाईल, पण फितूर होणार नाही. सोंगटीला इच्छा नसल्यामुळे निष्ठेचा प्रश्नच उद्भवत नाही. सिड मायर यांच्या १९९१ मधील ‘सिव्हिलायझेशन’ने रूढ केलेल्या परंपरेत पटावर अनेक राज्ये आली, आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा डाव मिळाला. या मालिकेच्या चौथ्या आवृत्तीला २००६ मध्ये ‘वॉरलॉर्ड्स’ हा विस्तार जोडला गेला, तेव्हा राज्या-राज्यांतील संबंधांत मांडलिकत्व हा नवा प्रकार दाखल झाला. स्वतःचा डाव असलेली, तरीही दुसऱ्याच्या इच्छेला बांधलेली सोंगटी पटावर आली. निवेदनशास्त्राच्या दृष्टीने हा बदल लक्षणीय आहे.

या संबंधाचे नियम थोडक्यात असे आहेत. एखादे राज्य संरक्षणासाठी आपणहून मांडलिक होते, किंवा युद्धात हरल्यावर शरण येऊन होते. स्वामीचे युद्ध ते मांडलिकाचे युद्ध, स्वामीचा तह तो मांडलिकाचा तह. मांडलिकावर हल्ला करणाऱ्याला स्वामीशी लढावे लागते. स्वामी मांडलिकाकडे साधनसंपत्ती मागू शकतो, आणि वर्चस्वाने मिळणाऱ्या विजयाच्या हिशेबात मांडलिकाची निम्मी भूमी व निम्मी प्रजा स्वामीच्या खाती जमा होते. आपणहून आलेला मांडलिक काही काळाने करार मोडू शकतो. शरण आलेल्याला मात्र दोनच वाटा असतात : मांडलिक झाल्यानंतर त्याची निम्मी भूमी गेली तर, किंवा भूमी आणि प्रजा या दोन्ही बाबतींत तो स्वामीच्या निम्म्यापर्यंत पोहोचला तर. शिवाय मांडलिकाला स्वतःचे मांडलिक ठेवता येत नाहीत. स्वामीच दुसऱ्याचा मांडलिक झाला, की त्याच्याखालचे मोकळे होतात.

हे नियम भाबडे नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. निम्मी भूमी गेल्यास बंधन सुटते, या कलमात एक राजकीय विचार आहे. जो रक्षण करू शकत नाही त्याला स्वामित्वाचा अधिकार नाही, असा तो विचार होय. रक्षणाच्या बदल्यात निष्ठा ही कल्पना मराठी राजनीतीलाही परकी नाही. अडचण आहे ती या विचाराच्या खाली दडलेल्या दोन गृहीतकांत. पहिले गृहीतक असे की, मांडलिकत्व हा दोनच पक्षांतील, एकाच पातळीवरचा करार आहे. दुसरे असे की, बंधन केव्हा सुटले हे निर्विवादपणे मोजता येते.

२

मराठीत या एका नियमासाठी एक शब्द पुरत नाही. मांडलिक म्हणजे दुसऱ्याचे अधिराज्य मान्य केलेला राजा. सरंजामदार म्हणजे फौज बाळगण्यासाठी मुलूख लावून दिलेला सरदार. वतनदाराचा हक्क वंशपरंपरेचा, आणि पुष्कळदा राज्याहूनही जुना. झाडीच्या मुलखातील जमीनदार यांपैकी कोणातच नेमका बसत नाही. तो टाकोळी भरी, जंगल आणि घाटवाटा राखी, आणि आपल्या टापूत जवळपास राजासारखा वावरे. शब्दांची ही विविधता म्हणजे बंधनांची विविधता होय. कोणते बंधन काय दिल्याने तुटते आणि काय घेतल्याने तुटते, ते प्रत्येक शब्दागणिक बदलते.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (सुमारे १७१६) या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यातील वतनदारांविषयीचे प्रकरण म्हणजे मांडलिक कसे सांभाळावेत याचीच मीमांसा. अमात्यांच्या मते वतनदार हे केवळ प्रजा नव्हेत. ते लहान असले तरी आपापल्या जागी धनी असतात आणि राज्याचे एका अर्थाने वाटेकरी असतात. परचक्र आले की स्वतःचे वतन वाचवण्यासाठी ते आधी शत्रूकडे जातात. तरीही त्यांची वतने सरसकट बुडवणे अमात्यांना अन्यायाचे वाटते, आणि त्यांना मोकळे सोडणे धोक्याचे. स्नेह आणि दंड यांच्यामध्ये त्यांना ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा ग्रंथ स्वामीच्या जागेवरूनच लिहिलेला आहे, त्यामुळे दृष्टिकोनाच्या बाबतीत तो खेळाहून वेगळा नाही. मात्र निष्ठा ही एकदा मिळवून खाती जमा करण्याची वस्तू नाही, हे त्याला ठाऊक आहे. खेळात मांडलिक झाला की प्रश्न बहुतांशी मिटतो. अमात्यांच्या लेखी तो तेथून सुरू होतो.

३

कामठा हे आज गोंदिया तालुक्यातील गाव आहे. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, परंतु भाताच्या, तलावांच्या आणि जंगलाच्या या मुलखावरील सत्तेची रचना त्याहून पुष्कळ जुनी. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, तो एकपदरी नव्हता. पहिले रघूजी भोसले स्वतः सेनासाहेबसुभा, म्हणजे छत्रपती शाहूंचे सेवक. देवगडच्या गोंड राजघराण्यातील भांडणात पडून त्यांनी ते राज्य आटोपले. मात्र गोंड राजाला पदच्युत करण्याऐवजी नागपुरात ठेवले, महसुलात हिस्सा दिला, आणि भोसल्यांच्या राज्यारोहणप्रसंगी टिळा लावण्याचा मान त्याच्याकडे राहू दिला. म्हणजे ज्याला अंकित केले, त्याच्याच हातचा टिळा घेऊन धनी गादीवर बसे. येथे सामर्थ्य एका दिशेने वाहते आणि मान्यता नेमकी उलट दिशेने. संगणकीय खेळात अशा संबंधाला जागा नाही, कारण तेथे मान्यता हे सामर्थ्याचेच दुसरे नाव असते.

रघूजींचे वरच्या सत्तेशी असलेले नातेही असेच गुंतागुंतीचे होते. १७४३ साली बंगालच्या चौथाईवरून पेशवा नानासाहेब रघूजींच्या विरोधात उतरले, आणि शेवटी शाहूंनी दोघांची कार्यक्षेत्रे वाटून देऊन वाद मिटवला. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या खेळात मात्र मराठा संघ ही खेळणाऱ्याने चालवायची एक सत्ता आहे. १७०० ते १७९९ हा काळ, वर्षाला दोन डाव, एक रंग, एक खजिना, एक इच्छा. ज्या सत्तेचा बराचसा इतिहास तिच्या घटकांनी एकमेकांशी केलेल्या घासाघिशीचा आहे, तिच्यातून घासाघीसच वगळली गेली. ‘संघ’ हा शब्द नावात उरला, नियमात उतरला नाही.

या उतरंडीची कसोटी लागली ती १८१६ ते १८१८ या काळात. मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. खेळाच्या भाषेत, स्वामी स्वतःच मांडलिक झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी आप्पासाहेबांना कैद करून पदच्युत करण्यात आले. मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरांकडे गेले, आणि जूनमध्ये अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवून रेसिडेंट जेंकिन्स यांनी कारभार हाती घेतला. याच वर्षी कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या पक्षाने उठला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला. जमीनदारी जुन्या घराण्याकडून काढून लोधी घराण्याला देण्यात आली.

ही घटना वर सांगितलेल्या नियमांपुढे ठेवली, तर नियमांची मर्यादा स्पष्ट होते. नियमानुसार १८१६ साली, किंवा फार तर पदच्युतीच्या क्षणी, कामठा मोकळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. बंधन सुटले असे दोघांपैकी कोणीच मानले नाही. कंपनीच्या कारभाराच्या लेखी निष्ठा गादीशी होती, आणि गादीवर आता तिसरे रघूजी होते. चिमणा पटेलाच्या कृतीतून मात्र निष्ठा व्यक्तीशी असल्याचा अर्थ निघतो. धनी परागंदा झाला असताना, रक्षणाची कोणतीही आशा नसताना तो त्याच्या बाजूने उभा राहिला. खेळाला मांडलिकाची अनिष्ठा ठाऊक आहे आणि तिचे गणितही त्याने मांडले आहे. हरलेल्या धन्याशी राखलेली निष्ठा मात्र त्याच्या व्याकरणात बसत नाही.

अर्थात या निष्ठेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जमीनदाराच्या कृतीमागे आपला टापू, आपली टाकोळी आणि आपला मान टिकवण्याचा हिशेबही असू शकतो, आणि अमात्यांनी तर तो गृहीतच धरला असता. मुद्दा हेतूचा नसून नामकरणाचा आहे. इंग्रजी गॅझेटिअरांत चिमणा पटेलाची नोंद बंडखोर म्हणून होते. आप्पासाहेब परत गादीवर आले असते, तर तीच कृती एकनिष्ठ सेवा म्हणून नोंदली गेली असती आणि तिला इनामही मिळाले असते. ‘बंड’ हा शब्द कृतीचे वर्णन करत नाही. डाव संपल्यावर लेखणी कोणाच्या हाती उरली, एवढेच तो सांगतो.

४

येथे डाव या संकल्पनेचाच विचार करावा लागतो. आळीपाळीच्या खेळात एकाचा डाव चालू असताना बाकीचे जग थांबते. इतिहासात असे थांबणे अगदीच नव्हते असे नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीला परतायचे, हा मराठी फौजांचा वार्षिक डावच होता. परंतु त्याची लय पावसाने ठरवलेली होती, आणि तोच पाऊस झाडीतील भाताच्या रोवणीचीही वेळ ठरवी. जमीनदाराकडे मनुष्यबळ मागितले जाई, तेव्हा ती माणसे बांधावरून उठून येत. बाख्तीन यांनी कालावकाशाच्या संकल्पनेतून दाखवले की, संहितेतील काळ आणि स्थळ परस्परांपासून सुटे करता येत नाहीत. खेळात ते सुटे झालेले आढळतात. तेथे काळ स्वामीचा असतो, आणि मांडलिकाची भूमी ही त्या काळात खर्च करण्याची राशी असते.

बाख्तीन यांचीच दुसरी संकल्पना, बहुस्वरता, या खेळांना लावण्याचा मोह होतो, कारण पटावर अनेक सत्ता असतात आणि त्या बोलतातही. पण अनेक पात्रे बोलली म्हणून संहिता बहुस्वर होत नाही. प्रत्येक स्वराला निवेदकाच्या हिशेबापलीकडचे स्वतःचे सत्य असावे लागते. मांडलिकाचे बोलणे येथे स्वामीच्या दृष्टीने प्रसन्न किंवा नाराज एवढ्याच मापाने ऐकले जाते. त्याला डाव आहे, आवाज नाही.

यावर आक्षेप असा येईल की खेळ हा खेळ आहे. योहान हाउझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये खेळाचे क्षेत्र व्यवहारापासून वेगळे आखलेले असते असे म्हटले, मग त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा का करावी? हा आक्षेप बुद्धिबळाला लागू पडेल. जो खेळ ‘मराठा’ हे नाव घेतो, सन घालतो आणि नकाशा मांडतो, त्याने वाचकाशी इतिहासाचा करार केलेला असतो. शिवाय हाउझिंगा यांची रेघ खेळणाऱ्याच्या जागेचा प्रश्न सोडवत नाही. गोंदिया, आमगाव किंवा सालेकसा येथील विद्यार्थी असा खेळ खेळतो, तेव्हा त्याला साताऱ्याची, नागपूरची किंवा कलकत्त्याची जागा मिळते, कामठ्याची कधीच मिळत नाही. आपल्याच गावाकडे वसुलीच्या रकान्यातून पाहण्याचे शिक्षण त्याला मिळते, आणि ते विजयाच्या आनंदासह मिळत असल्याने त्याच्या ध्यानात येत नाही. ऐतिहासिक कादंबरी वाचताना वाचक नायकाशी तादात्म्य पावतो, तरी निदान निवेदकाशी मनातल्या मनात भांडू शकतो. खेळताना त्याला भांडणाची सोय नसते, कारण निर्णय त्यानेच घेतलेले असतात.

यावर उपाय म्हणजे खेळात आणखी नियम घालणे नव्हे. उतरंडीचा नियम घातला तरी ती उतरंड वरूनच पाहिली जाईल. उपाय वाचनाचा आहे. गॅझेटिअर, आज्ञापत्र आणि खेळ या तीन वेगळ्या काळांतील संहिता एकाच जागेवरून बोलतात, हे ओळखणे ही त्या वाचनाची पहिली पायरी. तिन्हींत मांडलिक हा सांभाळण्याचा विषय आहे, सांगणारा नव्हे. मध्य प्रदेशातील १९५० च्या कायद्याने, भंडारा त्या राज्यात असताना, या जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या. स्वामी आणि मांडलिक दोघेही पटावरून उठले. त्यांच्याखाली भाताची शेती करणाऱ्यांना मात्र या तिन्ही संहितांपैकी एकीनेही डाव दिलेला नाही. मांडलिकाच्या आवाजाचा शोध घेणाऱ्या समीक्षेने त्याच्याही खाली पाहिले नाही, तर कामठ्याचा गड तेवढा नव्याने लढवला जाईल, आणि बांधावरून उठून आलेली माणसे पुन्हा एकदा संख्येत मोजली जातील.