एका गोलंदाजाची रोजनिशी

आत्मचरित्र कोणीं लिहावें, हा प्रश्न जुनाच आहे. ज्यानें शिखर गांठलें त्यानेंच वरून खालीं पाहत चढणीचा वृत्तान्त सांगावा, असा सर्वसाधारण समज दिसतो. खेळाडूंच्या बाबतींत तर हा संकेत फारच दृढ आहे. विजय मोजावयाचे, गुरूंचे आभार मानावयाचे, तरुणांस नियमित व्यायामाचा उपदेश करावयाचा, आणि हें सर्व एखाद्या वृत्तपत्रकाराकडून लिहवून घेऊन खालीं आपली सही ठोकावयाची, असा हा मामला असतो. बेसबॉलचा थोर गोलंदाज क्रिस्टी मॅथ्यूसन याच्या नांवावर १९१२ सालीं निघालेलें पुस्तकहि जॉन व्हीलर या वृत्तपत्रकाराच्या लेखणींतूनच उतरलेलें होतें. अशीं पुस्तकें वाचण्याची संवय झालेला वाचक जिम बाउटन या अमेरिकन गोलंदाजाचें 'बॉल फोर' हातीं घेतो, तेव्हां प्रथम बुचकळ्यांत पडतो. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा लेखक शिखरावर नाहीं. तो घसरणीला लागलेला आहे, आणि घसरतां घसरतां लिहितो आहे.

ज्यांस हा खेळ परिचित नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. क्रिकेटप्रमाणें येथेंहि एक चेंडू टाकणारा व एक तो टोलावणारा असतो. पण गोलंदाज धांवत येत नाहीं, आणि चेंडू जमिनीवर आपटत नाहीं. साठ फूट सहा इंचांवरून तो सरळ हवेंतून यावयाचा. फलंदाजाच्या न्याय्य आटोक्याबाहेर चार चेंडू पडले, कीं त्याला कांहीं न करतां पहिल्या बेसवर जाण्याचा हक्क मिळतो. अशा चौथ्या चेंडूला जें नांव आहे तेंच या ग्रंथाचें नांव. म्हणजे मुखपृष्ठावरच गोलंदाजाची फजिती छापलेली आहे. पुढें आंत काय वाढून ठेवलें आहे याची ही प्रामाणिक सूचनाच म्हणावयाची.

बाउटनचा जन्म १९३९ सालीं न्यूअर्क येथें झाला. १९६२ सालीं तो न्यू यॉर्क यांकीज या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संघांत दाखल झाला. पुढच्याच वर्षीं त्यानें एकवीस सामने जिंकले व सातच हरले. १९६४ सालीं अठरा जिंकले, आणि वर्षाच्या अखेरच्या वर्ल्ड सीरीजमध्यें सेंट लुइसच्या संघाविरुद्ध आणखी दोन. चेंडू फेंकतांना तो इतका जोर लावी कीं डोक्यावरील टोपी उडून पडे, आणि प्रेक्षकांस त्या टोपीचें मोठें कौतुक होतें. १९६५ सालीं तो हात गेला. त्या वर्षीं चार विजय आणि पंधरा पराभव! वय अवघें सव्वीस. कवीची प्रतिभा आटली तर तो जुन्या कीर्तीवर दहा वर्षें काढूं शकतो. गोलंदाजाच्या दंडांतील बळ ओसरलें तर पुढच्या आठवड्यांत सर्व शहराला तें कळतें.

येथें 'नकलबॉल' नांवाच्या चमत्कारिक चेंडूची ओळख करून दिली पाहिजे. ती नसेल तर ग्रंथाचें मर्म हातीं लागणार नाहीं. हा चेंडू बोटांच्या टोकांनीं, जवळजवळ नखांनींच, धरतात, आणि त्याला फिरकी मुळींच न देतां सोडतात. न फिरणाऱ्या चेंडूच्या शिवणीवर हवा कधीं एका अंगानें तर कधीं दुसऱ्या अंगानें अडते, आणि तो वाटेंत डोलतो, बिचकतो, एकाएकीं खालीं बसतो. तो कोठें जाणार हें फलंदाजाला कळत नाहीं, झेलणाऱ्याला कळत नाहीं, आणि टाकणाऱ्यालाहि कळत नाहीं! वेग नसल्यामुळें हातावर ताण थोडा. म्हणून जखमी व उतारवयाचे गोलंदाज त्याच्या आश्रयाला जातात. बळ गेल्यावर बाउटननें या लहरी चेंडूवर आपला व बायकामुलांचा चरितार्थ टांगला. बोटांना कधीं चेंडूची जाणीव सांपडते, कधीं दोन दोन आठवडे सांपडत नाहीं. त्या जाणिवेचा शोध हेंच या पुस्तकाचें खरें कथानक आहे.

१९६९ सालीं सिअॅटल येथें पायलट्स नांवाचा नवा संघ उभा राहिला. नवा म्हणजे इतरांनीं टाकून दिलेल्यांचा. त्यांत बाउटन होता. तो संघ आपल्या गटांत तळाला राहिला, आणि दुसऱ्या वर्षीं तर मिलवॉकी शहरीं उचलून नेला गेला; असा संघ कधीं काळीं होता, हें आज पुष्कळांस या ग्रंथामुळेंच ठाऊक असतें. त्या वर्षाची ही रोजनिशी. कागदाच्या कपट्यांवर टिपणें करावीं, रात्रीं तीं ध्वनिमुद्रण-यंत्रापुढें बोलून दाखवावीं, आणि लेनर्ड शेक्टर या पत्रकार मित्रानें त्यांची काटछाट करावी, अशी तिची घडण झाली. शेक्टरच्या हाताचा भाग किती, असा प्रश्न कोणी विचारील. पण ज्या पुस्तकांत लेखक पानोपानीं स्वतःला हास्यास्पद होऊं देतो, तें परक्यानें रचलें असेल असें मला वाटत नाहीं.

रोजनिशीचा विशेष हा कीं, लिहिणाऱ्याला उद्यांचें ठाऊक नसतें. एप्रिलांत बाउटनची रवानगी दुय्यम दर्जाच्या व्हँकूव्हर संघांत होते. कांहीं आठवड्यांनीं तो परत येतो. ऑगस्टांत त्याला दोन गोलंदाजांच्या मोबदल्यांत ह्यूस्टनच्या संघाकडे देऊन टाकतात. आत्मचरित्रकाराला हे सर्व धक्के आधीं ठाऊक असतात, म्हणून तो शहाणा दिसतो. बाउटन शहाणा दिसत नाहीं. आज चेंडू वळला म्हणून तो आनंदानें फुगतो, आणि उद्यां मार खाऊन खोलींत येतो. आजची फुशारकी उद्यां पुसून टाकण्याची सोय होती; त्यानें ती पुसली नाहीं, याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

व्यक्तिचित्रांत सर्वांत सरस सॅल मॅग्लीचें. हा एके काळचा नामांकित गोलंदाज बाउटनच्या बालपणाचें दैवत होता, आणि आतां पायलट्सच्या गोलंदाजांचा शिक्षक म्हणून तो त्याच्या पुढ्यांत येऊन उभा राहतो. चेंडू टाकण्यापूर्वीं एक उपदेश आणि फटका बसल्यावर बरोबर त्याच्या उलट उपदेश, अशी त्याची पद्धत. नुसत्या नकलबॉलवर विसंबूं नको, हें त्याचें पालुपद. आणि बाउटनजवळ तर दुसरें कांहीं उरलेलेंच नाहीं! दैवतांचा असा भंग पुष्कळांच्या आयुष्यांत होतो. पण येथें राग थोडा आणि खिन्न हंसूं अधिक आहे. मॅग्लीहि आपल्या जागेला चिकटून राहण्यासाठींच धडपडणारा एक चाकरमान्या आहे, हें लेखक कोठें स्पष्ट म्हणत नाहीं, पण वाचकाच्या ध्यानांत येतें. कपडे बदलण्याच्या खोलींत दोस्तोयेव्स्की वाचीत बसणारा स्टीव्ह हव्ली हें आणखी एक लोभस पात्र. इतर कांहीं सोबत्यांचीं चित्रें मात्र दोन विनोदांपलीकडे जात नाहींत, आणि ते विनोदहि पुढें पुढें एकाच सांच्यांतून निघूं लागतात.

ग्रंथ निघाला आणि गहजब झाला. 'लुक' पाक्षिकांत उतारे येतांच बेसबॉलचे सर्वाधिकारी बोवी कून यांनीं बाउटनला बोलावून घेतलें, आणि हें सारें खोटें आहे अशा आशयाचा कागद त्याच्यापुढें ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यानें सही केली नाहीं. खेळाडूंचें मद्यपान, उत्तेजक गोळ्या, स्त्रियांकडे चोरून पाहण्याचे चाळे, आणि त्यांत साऱ्या देशाचा लाडका मिकी मँटल हाहि होता, हें लोकांस रुचलें नाहीं. सोबत्यांचा राग तर त्याहून मोठा होता. खेळाडूंच्या खोलींतील गोष्ट खोलींतच राहावी, हा त्यांचा अलिखित कायदा. तो बाउटननें मोडला.

या आरोपाला मी सहजासहजीं उडवून लावूं इच्छित नाहीं. बाउटन टिपणें घेतो हें कांहींजणांस ठाऊक होतें. पण बसमध्यें थट्टा करणारा प्रत्येक जण आपण छापले जाणार आहों हें समजून बोलत नव्हता. त्यांच्या घरीं बायका होत्या, मुलें होतीं. सत्य सांगण्याचा अधिकार लेखकाला आहे खरा, परंतु तें सत्य जेव्हां दुसऱ्याच्या घरचें असतें तेव्हां त्याची किंमत दुसराच भरतो. चोरून पाहण्याच्या चाळ्यांवर लेखकानें जितकीं पानें खर्चिलीं आहेत तितकीं मला अनाठायीं वाटतात. तेथें त्याच्यांतील उनाड मुलगा त्याच्यांतील लेखकावर मात करतो. तथापि ज्या टीकाकारांनीं हीं पानें तेवढीं मोजलीं, त्यांनीं ग्रंथ वाचलाच नाहीं असें म्हणणें भाग आहे.

कारण त्यांत दुसरी एक गोष्ट होती, आणि मालकांस तीच अधिक झोंबली असावी, असा माझा तर्क आहे. ती म्हणजे पगाराची. १९६३ सालच्या त्या एकवीस विजयांनंतर बाउटननें वीस हजार डॉलर मागितले. सही लांबवशील तर रोज शंभर डॉलर दंड करीन, असें यांकीजच्या राल्फ हाउकनें बजावलें, आणि प्रकरण साडेअठरा हजारांवर मिटलें. गोलंदाजाजवळ दुसरा मार्ग नव्हता. त्या काळच्या करारपत्रांतील एका कलमानें खेळाडू मालकाशीं कायमचा बांधलेला असे. मालक त्याला विकूं शकत होता, तो मालक बदलूं शकत नव्हता. कर्ट फ्लडनें १९७० सालीं या कलमाविरुद्ध फिर्याद केली, ती सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं फेटाळली, आणि अखेर १९७५ च्या डिसेंबरांत, योगायोग असा कीं दोन गोलंदाजांच्याच प्रकरणांत, लवादानें त्या कलमाचा जोर मोडला. ज्या काळीं खेळाडूचा पगार हें झांकलें माणिक मानलें जाई, त्या काळीं बाउटननें आंकड्यांसकट तो व्यवहार चव्हाट्यावर मांडला. मँटलच्या मद्यपानाच्या गोष्टी आज शिळ्या झाल्या आहेत. हीं पानें अद्याप ताजीं वाटतात.

या ग्रंथाला पूर्वज नव्हता असें नाहीं. जिम ब्रॉस्नन या गोलंदाजानें आपल्या १९५९ सालच्या हंगामाची रोजनिशी स्वतः लिहून १९६० सालीं 'द लाँग सीझन' या नांवानें छापली होती. ब्रॉस्ननची भाषा अधिक घोटीव, त्याचा विनोद अधिक कोरडा. वाक्यावाक्याची तुलना केली तर तोच उजवा ठरेल. पण ब्रॉस्नन स्वतःची भीति वाचकापासून राखून ठेवतो, आणि बाउटन ती उघड्यावर आणतो: मुलांची नांवें कोणत्या गांवच्या शाळेंत घालावीं, भाड्याचें घर किती महिन्यांसाठीं घ्यावें, हे प्रश्न चेंडूच्या वळण्यावर अवलंबून आहेत, हें तो लपवीत नाहीं. ग्रंथाचें अखेरचें वाक्य फार प्रसिद्ध झालें आहे. मला तें उरलेल्या ग्रंथाच्या मानानें किंचित् गोंडस वाटतें, हा कदाचित् माझ्या रुचीचा दोष असेल.

१९७० सालींच त्याचा खेळ सुटला. १९७८ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो अॅटलँटाच्या संघांतून परत मैदानांत उतरला आणि एक सामना जिंकला. सर्व कारकीर्दीचा हिशेब बासष्ट विजय व त्रेसष्ट पराभव असा झाला. पुढील आवृत्त्यांना त्यानें नवीं प्रकरणें जोडलीं. त्यांतील पुष्कळसा भाग पुरवणीच्या तोलाचाच आहे. अपवाद २००० सालच्या आवृत्तींतील. १९९७ सालीं त्याची मुलगी मोटार-अपघातांत गेली. यांकीज दरवर्षीं जुन्या खेळाडूंचा मेळावा भरवीत, आणि या ग्रंथापासून बाउटनला त्याचें आमंत्रण नव्हतें. १९९८ सालीं त्याच्या मुलानें 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्यें पत्र छापून, माझ्या वडिलांस आतां बोलवा, अशी विनंति केली, आणि त्या उन्हाळ्यांत बाउटन पुन्हा तो गणवेश घालून मैदानावर उभा राहिला. ज्याच्या लेखणीनें अनेकांचीं घरें उघडीं केलीं, तो स्वतःच्या घरच्या दुःखाविषयीं लिहितो तेव्हां विनोद हातचा राखून अगदीं साधें लिहितो. २०१२ सालीं पक्षाघातानें त्याच्या वाणीवर घाला घातला, आणि २०१९ च्या जुलैंत तो वारला.

मँटलविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमंत्रण बंद होण्यामागें मँटलच आहे, अशी वदंता पुष्कळ वर्षें चालू होती. १९९४ सालीं मँटलचा एक मुलगा वारला, तेव्हां बाउटननें त्याला सांत्वनपर चिठ्ठी पाठविली. कांहीं दिवसांनीं बाउटनच्या घरच्या टेलिफोन-यंत्रावर मँटलचा आवाज उमटलेला सांपडला: चिठ्ठीबद्दल आभार, पुस्तकाविषयीं मनांत कांहीं नाहीं, आणि तुला मेळाव्यांतून वगळण्यांत माझा हात नव्हता. पुढच्या वर्षीं मँटल गेला. ती फीत बाउटननें जपून ठेवली होती.