‘दोन वर्षं कुठे होतात?’ : ‘बलुतं’ आणि ‘आयदान’ वाचताना

पीएचडीच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत विषयावरचे प्रश्न बरे गेले. मग पॅनेलमधल्या एका मॅडमनी बायोडेटावर बोट ठेवून विचारलं, ‘‘एमएस्सीनंतरची दोन वर्षं कुठे होतात?’’ मी म्हटलं, ‘‘तब्येतीचं कारण होतं.’’ तसं हे खोटं नव्हतं, पण तब्येत माझी नव्हती. बाबा आजारी होते आणि ती दोन वर्षं मी आमची पिठाची गिरणी चालवत होते. ज्वारीनंतर गहू कधी टाकायचा, दगडाला टाकी कधी लावायची, उधारी कोणाकडे किती, हे सगळं मला त्या काळात एन्झाइम कायनेटिक्सपेक्षा जास्त चांगलं येत होतं. तरी तोंडातून निघालं ते ‘तब्येत’.

माझी निवड झाली नाही. त्या एका उत्तरामुळे झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण बाहेर आल्यावर वाईट वाटलं ते निवडीचं नव्हतं. गिरणी लपवली, याचं होतं.

तुमच्यापैकी अनेक जण आत्ता अर्ज भरत असतील. ‘स्वतःबद्दल लिहा’ या रकान्यापाशी अडकले असतील. ‘आत्मविश्वास आला की लिहीन,’ असं मीही म्हणत होते. त्या काळात दोन पुस्तकं वाचली आणि हे वाक्य उलटं आहे असं वाटायला लागलं. आज त्या दोन पुस्तकांबद्दल.

पहिलं, दया पवारांचं ‘बलुतं’. १९७८ साली ग्रंथालीने काढलेलं. मराठीतल्या दलित आत्मकथनांची लाट आली त्याच्या सुरुवातीचं हे पुस्तक. बहुतेकांनी ते अभ्यासक्रमातल्या उताऱ्यापुरतं वाचलेलं असतं. उताऱ्यात एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे या पुस्तकाची रचना. इथे दया पवार स्वतःची गोष्ट थेट सांगत नाहीत. दगडू मारुती पवार नावाचा माणूस ती सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघं एकच. दगडू हे घरचं, गावचं, हजेरीपटावरचं नाव. दया हे लेखक म्हणून लोक ओळखतात ते. गावच्या महारवाड्यातलं आणि मुंबईच्या कावाखान्यातलं जगणं दगडूकडे आहे, आणि ते कागदावर आणायची भाषा दयाकडे.

ही नुसती कथनाची युक्ती आहे असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात कळलं की या युक्तीशिवाय हे पुस्तक बहुधा झालंच नसतं. ज्या माणसाला स्वतःचं नाव उच्चारायची लाज वाटते, त्याने एकदम चौकात उभं राहून बोलायचं कसं? त्याने आधी एकच श्रोता तयार केला, आणि तो परका नव्हता. म्हणजे धीर आधी आला आणि मग पुस्तक झालं, असं नाही. सांगायची रीत सापडली आणि तिच्या आधाराने धीर आला.

पण या रीतीची एक मोठी उणीवही आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. दया हा फार सोशिक श्रोता आहे. तो ऐकतो, पण फारसं विचारत नाही. दगडू जेव्हा आपल्या पहिल्या बायकोबद्दल, तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल सांगतो, तेव्हा तो स्वतःला सोडत नाही हे खरं. तरीही मला वाटतं, इथे श्रोत्याने मध्ये थांबवून विचारायला हवं होतं: ‘आणि तिचं म्हणणं काय होतं?’ हा प्रश्न येत नाही. सांगणाराही तोच आणि ऐकणाराही तोच असला, की सुनावणी एकतर्फी होते. पुस्तक आल्यावर समाजातल्याच काही सुशिक्षितांनी नाराजी दाखवली, की हे सगळं उघड्यावर कशाला आणायचं. त्या आक्षेपात पांढरपेशी लाज होती हे मान्य. पण त्याच्या आत एक रास्त प्रश्नही आहे: माझी गोष्ट फक्त माझी असते का?

दुसरं पुस्तक उर्मिला पवारांचं ‘आयदान’, २००३ सालचं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं, टोपल्या. उर्मिलाताई लहान असताना वडील गेले आणि आई ही आयदानं विणून घर चालवायची. आईची वीण आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं आहे, असं त्या म्हणतात. इथे दगडू-दया अशी वाटणी नाही, सगळं ‘मी’च्या तोंडून. लहानपणची भूक, शाळेतली जात, लग्नानंतर एमए करताना नवऱ्याची नाराजी, मुलाचा मृत्यू. एवढा धीर कुठून आला?

याचं उत्तर मला ‘आयदान’च्या आधी, त्यांच्या संशोधनात सापडलं. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून केलेलं काम. म्हणजे स्वतःची गोष्ट छापण्याच्या चौदा वर्षं आधी ही बाई इतर बायकांच्या गोष्टी ऐकत होती. ज्यांच्याबद्दल कोणी कधी काही विचारलंच नव्हतं, त्या बोलल्या की इतिहासात केवढी भर पडते, हे त्यांनी आधी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं. मग ‘माझ्या जगण्यात सांगण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न आपोआप लहान होतो.

म्हणूनच ‘आयदान’मधल्या इतर बायका नुसत्या पार्श्वभूमीला उभ्या नाहीत. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर तुडवत जाणाऱ्या गावच्या बायका पहिल्या पानांपासून आपापल्या तोंडाने बोलतात. ‘बलुतं’मध्ये मला जो प्रश्न हवा होता, तो इथे बऱ्याच अंशी विचारला गेलाय. पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र मला सैल वाटला. संस्था, मेळावे, कार्यक्रम यांची नोंद वाढते आणि कधी कधी अहवाल वाचतोय असं होतं. जिथे त्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी थांबतात तिथे पुस्तक परत धरतं. मोठ्या व्यासपीठापेक्षा लहान जागेत त्यांचा आवाज जास्त खरा आहे.

आता हे सगळं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कशाला? कारण आपल्याला उलट शिकवलं जातं. ‘मी’ लिहायचं नाही, कर्मणी प्रयोगात लिहायचं: द्रावण तयार करण्यात आले, तापमान नोंदवण्यात आले. जणू लॅबमध्ये माणूस नव्हताच. पण लॅबच्या वहीचा नियम आठवा. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. पेपरमध्ये ती चूक जात नाही, पण वहीत राहते. माझ्या बायोडेटातली दोन वर्षं मी खोडरबराने पुसत होते. रेघ मारून ठेवली असती तरी चाललं असतं.

पुढच्या अर्जाच्या वेळी मी दोन्ही पुस्तकांकडून एकेक गोष्ट उचलली. ‘बलुतं’कडून एक श्रोता: गिरणीची गोष्ट मी आधी अर्जात न लिहिता लॅबमधल्या मैत्रिणीला पत्र म्हणून लिहिली. तिने त्यावर पेन्सिलने चार प्रश्न काढले, आणि त्यातले तीन मला आवडले नाहीत. ‘आयदान’कडून घेतलं ते विचारणं. गोष्टीत बाबा होते, म्हणून बाबांना वाचून दाखवली. दुसऱ्यांवर संशोधन करताना संमतीपत्र घेतो, मग घरच्यांना का गृहीत धरायचं? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गिरणीचं सगळं लिही. उधारीचं पण लिही. एवढं एक तेवढं नको.’’ ते एक मी अर्जात लिहिलं नाही. इथेही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी म्हटलं, ‘‘गिरणी चालवत होते.’’ आवाज कापत होता, आत्मविश्वास वगैरे काही नव्हता. एका सरांनी विचारलं, ‘‘दगड किती दिवसांनी टाकवता?’’ पुढची पाच मिनिटं आम्ही त्यावर बोललो.

तुमच्याकडेही असा एखादा रिकामा रकाना असेल. तो आज भरू नका. आधी एका माणसाला सांगा, जो प्रश्न विचारेल असा. मग गोष्टीत आणखी कोण कोण आहे ते बघा आणि त्यांना विचारा. एवढं झाल्यावर जे उरेल, ते अर्जात लिहिण्याइतका धीर तुमच्याकडे असेल. आणि दोन्ही पुस्तकं वाचाच, पण उताऱ्यापुरती नाही. सलग.