परिचित शब्दाची दुर्बोधता

फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ योजला. मराठी बायबलात ‘बाप्तिस्मा’ मात्र मूळ ग्रीक रूपाशी नाते राखून आला. यांतील दुर्बोध कोणता? साजगावच्या विठोबाच्या यात्रेला जाणारा वाचक ‘बाप्तिस्म्या’पाशी अडतो, अर्थ विचारतो; ‘वैकुंठा’पाशी अडत नाही, तेथे त्याला विष्णुलोकच दिसतो. अपरिचित शब्द अज्ञान उघड करतो. परिचित शब्द ते झाकतो. पंडिता रमाबाईंनी आपल्या भाषांतरात (१९२४) हिंदू तत्त्वविचाराचा भार वाहणारे संस्कृत शब्द टाळले, ते याच जाणिवेने. तथापि साधा शब्दही कोरा नसतो. म्हणून अर्थाचा निर्णय कोशात नव्हे, ग्रंथांतर्गत प्रयोगांतच होतो. स्टीफन्स यांचे वैकुंठही तेथेच ख्रिस्ती होते.