ख्रिस्तजन्माची कथा आणि मराठी ओवी : ‘ख्रिस्तपुराण’ व ‘ख्रिस्तायन’

सहायक प्राध्यापक (मराठी), प्रताप नगर, नागपूर

प्रस्तुत लेखात ख्रिस्तजन्माच्या कथेच्या मराठी पुनर्कथनाचा विचार केला आहे. ही कथा मुळात त्रोटक आहे. चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तय व लूक यांनी ती सांगितली. लूककडे गव्हाण व मेंढपाळ आहेत. मत्तयकडे तारा, पूर्वेकडील ज्ञानी आणि हेरोद. ज्ञानी तीनच होते असे मत्तय म्हणत नाही. गव्हाणीपाशी उभे असलेले बैल व गाढव तर दोघांकडेही नाहीत. ती पुढील काळातील श्रद्धाळू कल्पनेची भर होय. तेव्हा मराठी कवीने कल्पनेचा आश्रय घेतला, यात वेगळे असे काही घडले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील ‘दुसऱ्या पुराणा’त ख्रिस्तचरित्र येते. ज्यांची जुनी पुराणे सुटली होती, अशा नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ही रचना होती. देवकीचा बंदिवास, कंसाची बालहत्या, रातोरात यमुनापार नेलेले अर्भक हे सारे त्यांच्या कानांत असणार. हेरोदाची बालहत्या व मिसर देशातील पलायन ऐकताना गोकुळ आठवणे अटळच होते. हे साम्य स्टीफन्स यांनी निर्माण केलेले नाही. उलट, तीच त्यांची अडचण असावी : साम्य वाढले की ‘आणखी एक अवतार’ असा अर्थ निघणार, आणि ग्रंथाला तर इन्क्विझिशनची परवानगी हवी! स्वर्गासाठी ते ‘वैकुंठ’ हा शब्द योजतात, तेव्हा विष्णूच्या घरात दुसऱ्याची स्थापना होते. याला निव्वळ ‘समन्वय’ म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. मात्र केवळ ‘प्रचार’ म्हणूनही भागत नाही. कारण शब्द उसना घेतला की त्याच्या आठवणीही मागोमाग येतात, आणि त्यांवर कवीची सत्ता चालत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची स्थिती निराळी. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. स्टीफन्स यांनी ओवी शिकून घेतली. टिळकांची ती घरचीच. त्यामुळे ‘ख्रिस्तायन’ हे नाव त्यांना परकीयांची समजूत घालण्यासाठी योजावे लागले नाही. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ग्रंथ अपुरा होता. त्यातील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. उल्लेख मात्र बहुधा टिळकांचाच होतो. वाचताना हा हातबदल ध्यानात ठेवावा लागतो.