प्रवेशातील वैविध्य आणि न्याय : अमेरिकन विद्यापीठांच्या प्रवेशनीतीची चिकित्सा

प्रस्तावना :

मोजक्याच अर्जदारांना प्रवेश देणारे विद्यापीठ केवळ गुणवत्ता मोजत नाही. गुणवत्ता कशास म्हणावे, हेही ते ठरवीत असते. अमेरिकेत कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचे समर्थन ४५ वर्षे 'वैविध्य' या संकल्पनेच्या आधारे करण्यात आले. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी त्यांची प्रवेशपद्धती समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. ही संकल्पना मुळातच दुबळी होती काय, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

संकल्पनेचा उगम :

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्यांसाठी राखीव होत्या. १९७८ च्या बाकी खटल्यात ही तरतूद रद्द झाली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी समाजातील सर्वसाधारण अन्यायाचे परिमार्जन हे कारण अमान्य केले. मात्र विविध विद्यार्थ्यांच्या सहवासातून होणारा शैक्षणिक लाभ मान्य केला आणि त्यासाठी हार्वर्डचा नमुना पुढे ठेवला. २००३ च्या ग्रटर खटल्यात हीच भूमिका कायम राहिली. पण २५ वर्षांनंतर अशा उपायाची गरज उरणार नाही, अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली.

येथेच मूळ दोष आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा प्रवेश हा त्याचा हक्क न राहता इतरांच्या शिक्षणाचे साधन ठरला. अन्यायाला इतिहास असतो, पुरावा असतो. सहवासाचा लाभ मात्र मोजता येत नाही. २०२३ मध्ये न्यायालयाने नेमके याच अमोजतेवर बोट ठेवले.

परिणाम :

निकालानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २०२४ साली प्रवेश घेतलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ५ टक्के होते. त्यापूर्वीच्या काही वर्षांत ते सरासरी १३ टक्के होते. वंशाचा आपल्या जीवनावर झालेला परिणाम निबंधात मांडण्याची मुभा न्यायालयाने ठेवली. म्हणजे जी वंचितता संस्थेने ओळखावयाची, ती आता १७-१८ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या दुःखाचे उत्तम निवेदन करून सिद्ध करावयाची. दुसरीकडे, माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणारे झुकते माप या निकालाने रद्द झाले नाही. हार्वर्ड खटल्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार अशा अर्जदारांपैकी सुमारे एक-तृतीयांशांना प्रवेश मिळत असे. एकूण अर्जदारांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. वारशाने मिळालेला लाभ गुणवत्तेशी विसंगत न वाटणे, ही या व्यवस्थेतील खरी विसंगती होय.

भारतीय संदर्भ :

भारतात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(४) सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण हाच आधार मानते. मागास विद्यार्थी वर्गात असल्याने इतरांना काय लाभ होतो, हा प्रश्न ते विचारीत नाही. तथापि 'विद्यार्थ्यांचे वैविध्य' हा शब्दप्रयोग नॅकच्या मूल्यांकनामुळे येथील महाविद्यालयांच्याही परिचयाचा झाला आहे. अहवालातील एक रकाना भरणे आणि प्रवेशित विद्यार्थ्यास पदवीपर्यंत सोबत करणे, यांतील अंतर प्राध्यापकवर्गास ठाऊक आहे.

निष्कर्ष :

वैविध्य हे न्याय्य प्रवेशाचे फळ आहे. ते त्याचे कारण होऊ शकत नाही. अमेरिकन विद्यापीठांनी फळालाच मूळ मानले, म्हणून एका निकालाने ते उन्मळून पडले. आपल्याकडे न्यायाची भाषा संविधानात सुरक्षित आहे. ती वर्गखोलीतही टिकविणे हे अध्यापकांचे उत्तरदायित्व ठरते.