नृसिंह : दैवत की नगरप्रतीक?

नगराचे ममत्व एखाद्या पुराणकल्पित प्राण्यावर जडते, तेव्हा त्या प्राण्यास 'नगरप्रतीक' म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या नृसिंहास कितपत लागू पडते, हे तपासून पाहणे उचित ठरेल.

परभणी-गंगाखेड लोहमार्गावरील हे गाव 'पोखर्णी नृसिंह' या जोडनावाने ओळखले जाते. नीरा-भीमा संगमावरील नीरा नरसिंहपूर आणि कृष्णाकाठचे कोळे नरसिंहपूर यांच्याही नावांत हाच नरसिंह वसलेला आहे. ग्रामनामात रुजलेले असे ममत्व राजमुद्रेच्याही वाट्यास क्वचितच येते.

तुलनेसाठी पोलंडमधील वॉर्सा नगरीची जलकन्या घ्यावी. अर्धी स्त्री व अर्धी मत्स्य असलेली ही आकृती खड्ग व ढाल धारण करून नगरमुद्रेवर विराजते. व्हिस्तुलातीरी १९३९ साली उभारलेला तिचा पुतळा नगराच्या विध्वंसातूनही बचावला. तथापि प्राचीन मुद्रांवरील आकृती निराळी होती. तिला पक्ष्याचे पाय होते. रूप पालटले, तरी नगराचे प्रेम आटले नाही. नृसिंहाच्या बाबतीत असा पालट संभवतच नाही. मनुष्य वा पशू यांच्याकडून, घरात वा बाहेर, दिवसा वा रात्री मरण येऊ नये, हा हिरण्यकशिपूचा वर होता. उंबरठ्यावर, संध्यासमयी प्रकटलेले नरसिंहरूप हे त्या वराचेच उत्तर होय. जलकन्येच्या हाती शस्त्र द्यावे लागले. नृसिंहाची नखे हेच त्याचे शस्त्र. कथा आणि आकृती यांची अशी एकजीवता प्रतीकांत दुर्मिळ असते.

परंतु या एकजीवतेची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. नृसिंह हे अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. दूरदेशी गेलेले कुटुंबही कुलाचारासाठी त्याच्याकडे परतते. उलट, शेजारी राहणाऱ्या अन्यधर्मीयास तो आपला वाटेलच असे नाही. जलकन्येपुढे कोणी नवस बोलत नाही, म्हणूनच वॉर्साचा प्रत्येक रहिवासी तिच्यावर सारखाच हक्क सांगू शकतो. एकाचे नाते कुळाशी, दुसरीचे वास्तव्याशी.

यास्तव नृसिंहास सरसकट नगरप्रतीक म्हणण्याने दोहोंवर अन्याय होतो : दैवताची उत्कटता उणावते आणि नागरिकत्वाची व्याप्ती आकुंचित होते. पोखर्णीचा नृसिंह गावाचे नाव झाला, हेच त्याचे मोठेपण. त्यास चिन्हाचा दर्जा देणे म्हणजे बढती नव्हे.